काम एक, पैसे चार वेळा: गॅरेजने क्रेडिट कार्डावरून परस्पर घेतलेल्या रकमेचं प्रकरण

पार्श्वभूमी

प्रकरण जून २०२४ मधलं, नाशिक शहरातलं. माणसांची, गॅरेजची आणि बँकेची नावं गाळली आहेत. तक्रारदार एका माध्यमिक शाळेत शिकवतात. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणतात, म्हणून इथेही बाईच.

बाईंची पेट्रोल गाडी आठ वर्षांची. मुंबईहून परतताना कसारा घाटात ती ओढेना. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन नुसतं ओरडायचं, वेग वाढायचा नाही, आणि आत जळका वास. क्लच गेला हे कळायला मेकॅनिक लागत नाही. घराजवळच्या, आधीपासून ओळखीच्या गॅरेजात गाडी टाकली. मालकाने जॉब कार्ड, म्हणजे कामाची आणि खर्चाची लेखी यादी, करून दिलं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअर ऑइल आणि मजुरी, सगळं मिळून ११,४०० रुपये. वरची पांढरी प्रत गॅरेजकडे राहिली, कार्बनची पिवळी प्रत बाईंच्या पर्समध्ये गेली.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास मालकाने बाईंच्या यजमानांना व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला. फाटलेलं रबरी बुश, आणि खाली मजकूर: ‘सर हे पण करावं लागेल, लोअर आर्म गेलेत.’ लोअर आर्म म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा, आणि बुश म्हणजे त्याच्या टोकाचा रबरी सांधा. यजमान मीटिंगमध्ये होते. फोटो उघडला, निळ्या खुणा उमटल्या, उत्तर द्यायचं राहून गेलं. नंतर मालकाचा एक मिस्ड कॉलही होता.

घटना

संध्याकाळी बाई एकट्याच गाडी आणायला गेल्या. मालक मशीन घेऊन केबिनबाहेर आला. कार्ड मशीनमध्ये घातलं, स्क्रीनवर ११,४०० दिसले, बाईंनी पिन टाकला. ‘थांबा मॅडम, आत कागदाचा रोल आहे, पावती काढून देतो,’ म्हणून मालक मशीन आणि कार्ड दोन्ही घेऊन आत गेला. तेवढ्यात पोराने गाडी समोर आणून लावली. बाई क्लच दाबून बघण्यात गुंतल्या. चार-पाच मिनिटांनी पावतीत गुंडाळलेलं कार्ड परत आलं.

कार्डाचे मेसेज यजमानांच्या मोबाइलवर जात होते. रात्री साडेनऊला त्यांनी ते पाहिले. ६:४२ ला ११,४०० रुपये. ६:४५ ला ४,९५०. पुन्हा ६:४५ ला ४,९५०. ६:४६ ला ३,५५०. चारही एकाच गॅरेजच्या नावावर.

भारतात कार्ड नुसतं टेकवून, पिन न घालता, एका वेळी ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार होऊ शकतो. १ जानेवारी २०२१ पासून ही मर्यादा २,००० वरून ५,००० झाली. म्हणजे शेवटचे तीन व्यवहार कसे झाले ते उघड होतं. बाईंचा पिन मालकाला माहीत नव्हता, आणि त्याला तो लागलाही नाही.

यजमानांनी लगेच फोन लावला.

‘अहो सर, मी फोटो टाकला होता ना. तुम्ही बघितला पण.’

‘बघितला. पण हो म्हटलं का?’

‘नाही पण म्हटलं नाहीत. गाडी रिस्कवर कशी सोडणार मी? दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, अलाइनमेंट, सगळं करून दिलंय. तेरा हजार साडेचारशे झाले.’

‘मग मॅडमना सांगायचं ना.’

‘त्या घाईत होत्या.’

खरा प्रश्न कोणता

इथे दोन प्रश्न एकमेकांत अडकले होते. या प्रकरणाची निम्मी दमछाक ते वेगळे न केल्यामुळे झाली.

एक, जादा कामाचे पैसे बाई देणं लागतात का? याला लगेच ‘नाही’ म्हणून मोकळं होता येत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७० नुसार, एखाद्याने फुकट करण्याच्या इराद्याने नव्हे तर कायदेशीरपणे तुमच्यासाठी काही केलं आणि त्याचा लाभ तुम्ही घेतला, तर त्याचा मोबदला द्यावा लागू शकतो. नवे सुटे भाग गाडीला खरंच बसले असतील, तर मालकाच्या बाजूने बोलण्यासारखं थोडं तरी होतं.

दोन, देणं असलं तरी ते मालकाने कार्डातून स्वतःच्या हाताने काढून घ्यायचं का? इथे मात्र उत्तर सरळ ‘नाही’ असंच आहे. कारागिराला कायद्याने त्याचा मार्ग दिलेला आहे. त्याच कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, ठरलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत तो वस्तू अडवून ठेवू शकतो. मालक म्हणू शकला असता, ‘मॅडम, जादा काम झालंय, पैसे द्या, मग गाडी न्या.’ तिथेच वाद झाला असता आणि काहीतरी ठरलंही असतं. न विचारलेल्या कामासाठी गाडी अडवणं टिकलं नसतंच, म्हणा. पण त्याने वाद टाळला, गाडी हसत दिली आणि पैसे आत जाऊन घेतले. त्यातही एका रकमेचे तीन तुकडे केले, प्रत्येक ५,००० च्या आत. चुकून बटण दाबलं गेलं असं म्हणायची सोय त्या आकड्यांनीच संपवली.

बँकेपुढे फक्त दुसरा प्रश्न न्यायचा होता. पहिला गॅरेजशी बसून सोडवायचा होता.

समोर असलेले पर्याय

घरात त्या रात्री चार मतं पडली. सासरे म्हणाले, उद्या सकाळी जाऊन तोंडावर विचारा, ओळखीचा माणूस आहे, देईल परत. यजमानांना पोलिसात जायचं होतं. पुतण्याने सायबर गुन्ह्यांचा १९३० हा हेल्पलाइन क्रमांक सुचवला. बाईंचं म्हणणं, आधी बँक.

बाईंचंच बरोबर होतं, आणि त्याचं कारण घड्याळ. तेव्हा लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा अनधिकृत व्यवहारात, बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य जबाबदारी येते. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत तोटा सोसावा लागतो. पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डाला ती १०,००० रुपये आहे. सात दिवस उलटले की बँकेच्या स्वतःच्या धोरणावर सगळं अवलंबून. मेसेज मिळाल्याचा दिवस मोजायचा नसतो आणि दिवस आपल्या शाखेच्या कामकाजाचे धरायचे असतात. इथे व्यवहार शुक्रवारी ७ जूनला. ८ जूनला दुसरा शनिवार, मग रविवार. म्हणजे मुदत बुधवारपर्यंत होती. पण ‘आधी मालकाशी बोलू, आठवडाभर बघू’ म्हटलं असतं तर ती सहज हातातून गेली असती, आणि ओळखीचा माणूस असला की लोक नेमके हेच करतात.

१९३० ची व्यवस्था ऑनलाइन फसवणुकीत पैसा पुढे पळण्याआधी अडवण्यासाठी आहे. इथे समोरचा माणूस माहीत, दुकान माहीत, पैसा त्याच्या खात्यात. पोलिसात गेलो तर ‘हा तुमचा दिवाणी वाद आहे’ हे ऐकायला मिळण्याची शक्यता मोठी होती. तो दरवाजा बंद नव्हता, पण पहिला नव्हता. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही पुढे उघडा होता; एवढ्या रकमेच्या तक्रारीला तिथे शुल्कही लागत नाही. फक्त तो लांबचा.

पहिली तक्रार

रात्री दहाला बाईंनी कार्डामागच्या क्रमांकावर फोन केला, तक्रार क्रमांक घेतला आणि ॲपमध्ये जाऊन टॅपची, म्हणजे कार्ड टेकवून पैसे देण्याची, सोय बंद केली. इथवर सगळं चोख.

घोळ बँकेच्या डिस्प्यूट फॉर्ममध्ये, म्हणजे व्यवहारावर हरकत घेण्याच्या अर्जात झाला. फॉर्मवर चौकोन होते: ‘हा व्यवहार मी केलेला नाही’, ‘रक्कम चुकीची आहे’, ‘एकाच व्यवहाराचे पैसे दोनदा गेले’, ‘सेवा मिळाली नाही’. फोनवरच्या मुलाने सांगितलं, पहिल्यावर टिक करा मॅडम, लवकर होतं. बाईंनी टिक केली आणि खाली एकच ओळ लिहिली: ‘वरील तीन व्यवहार मी केलेले नाहीत, पैसे परत करावेत.’

वाक्य खरंच होतं. पण तेवढंच वाचणाऱ्याला वाटतं की कार्ड हरवलं किंवा त्याची नक्कल झाली. गॅरेजचा, जॉब कार्डचा, त्याच मशीनवर तीन मिनिटं आधी पिन घालून केलेल्या व्यवहाराचा कुठेच उल्लेख नाही. वरून बँकेने नेहमीच्या पद्धतीने कार्ड ब्लॉक करून नवं पाठवलं. त्याचा फटका वेगळाच बसला: जुन्या कार्डावर लावलेला आरोग्य विम्याचा हप्ता त्या महिन्यात कापला गेला नाही, आणि ते सवलतीच्या मुदतीत लक्षात आलं म्हणून निभावलं.

परिपत्रकाप्रमाणे दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने वादातली रक्कम तात्पुरती जमा करायची असते. ती झाली. बाईंनी स्टेटमेंटमधली बाकी सगळी रक्कम वेळेत भरली, वादातले १३,४५० तेवढे सोडून. हा निर्णय फार योग्य होता. रागाच्या भरात काही लोक पूर्ण बिलच अडवून ठेवतात किंवा फक्त मिनिमम भरतात. मग बिनव्याजी मुदत जाते आणि किराण्यापासून पेट्रोलपर्यंत सगळ्यावर व्याज चढतं. मूळ भांडण राहतं बाजूला.

बँकेचा नकार

जुलैच्या मध्यात ईमेल आला. व्यवहार चिप असलेल्या मूळ कार्डाने, कार्ड प्रत्यक्ष हजर असताना झाले आहेत. कार्ड ग्राहकाच्याच ताब्यात होतं. सबब व्यवहार वैध मानून तात्पुरती जमा रक्कम परत घेण्यात येत आहे. पुढच्या स्टेटमेंटमध्ये १३,४५० परत आले, सोबत व्याज आणि त्यावरचा जीएसटी.

माझ्याकडे प्रकरण आलं ते या टप्प्यावर. बँकेत उमेदीची वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा ईमेल परका नाही. ‘मी केलेला नाही’ या चौकोनात आलेली तक्रार कार्ड हजर होतं की नव्हतं या चाळणीतून जाते, आणि चिपचा व्यवहार दिसला की बहुतेक तिथेच अडते. तक्रार तपासणारा माणूस वाईट नसतो. त्याच्या समोर एक ओळ असते आणि मागे शंभर फाइली.

दुसरी फेरी

पहिलं काम कागद मागवायचं. क्रेडिट कार्डांविषयीच्या रिझर्व्ह बँकेच्या तेव्हा लागू असलेल्या २०२२ च्या निर्देशांनुसार, बिलाबद्दल तक्रार आली तर बँकेने कमाल ३० दिवसांत स्पष्टीकरण आणि जिथे लागू असेल तिथे कागदोपत्री पुरावा द्यायचा असतो. बाईंनी लेखी मागणी केली. आठवड्याभरात गॅरेजने दिलेल्या स्लिपा आणि जॉब कार्डच्या पांढऱ्या प्रतीचा स्कॅन आला.

दोन प्रती शेजारी ठेवल्या. वरच्या पाच ओळी दोन्हींवर तंतोतंत त्याच. पांढऱ्या प्रतीवर खाली आणखी चार ओळी: लोअर आर्म जोडी ७,८००, लिंक रॉड जोडी २,२००, अलाइनमेंट ८००, मजुरी २,६५०. शाई वेगळी, अक्षर अधिक घाईचं, आणि बाईंची सही या ओळींच्या वर. पिवळ्या प्रतीवर त्या जागी कोरा कागद. कार्बन खाली असताना लिहिलं असतं तर तिथे उमटलं असतं; म्हणजे सही झाल्यावर, बाईंच्या पाठीमागे, ओळी वाढल्या होत्या.

मग गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवली. हे सुचलं यजमानांना, श्रेय त्यांचं. लिंक रॉड नवे होते, रबर काळंभोर, नटांवर पान्याच्या ताज्या खुणा. लोअर आर्म मात्र जुनेच. बोल्टवर कित्येक पावसाळ्यांचा चिखल वाळून बसलेला, पाना लागल्याचं चिन्ह नाही. उजव्या बाजूचं बुश तर फोटोत होतं तसंच फाटलेलं. मेकॅनिकने लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या आणि फोटो काढले. मालक ज्या कामासाठी ‘गाडी रिस्कवर कशी सोडणार’ म्हणत होता, नेमकं तेच काम झालेलं नव्हतं.

बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे वरच्या पातळीवर तक्रारी पाहणाऱ्या अधिकाऱ्याला, पाठवलेलं पत्र एका पानाचं होतं. लांब लिहायचा मोह आवरला. त्यात घटनाक्रम वेळेसकट होता: पिनचा व्यवहार, मग तीन मिनिटांनी टॅप, कार्ड मालकाच्या केबिनमध्ये. त्यानंतर तीन मुद्दे. २०१७ चं परिपत्रक फक्त ऑनलाइन व्यवहारांना लागू नाही. कार्ड प्रत्यक्ष हजर असलेले समोरासमोरचे व्यवहारही त्यात स्पष्टपणे येतात, म्हणून ‘कार्ड हजर होतं’ एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, आणि बँकेने दिलेल्या तीन स्लिपांवर ना पिन आहे ना सही. आणि एका बिलाचे तीन तुकडे दोन मिनिटांत, प्रत्येक मर्यादेच्या आत, हे ग्राहकाच्या संमतीचं लक्षण नाही. बँक हलगर्जीपणाचा मुद्दा काढेल हे धरून एक वाक्य आधीच घातलं: पैसे देण्यासाठी दुकानदाराच्या हाती कार्ड देणं म्हणजे पिन सांगणं नव्हे.

शेवटी लिहिलं की ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजना, २०२१ खाली तक्रार करू. ही तक्रार ऑनलाइन आणि विनाशुल्क करता येते, पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असावी लागते. बँकेने नाकारली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही की हा मार्ग खुला होतो. अर्ज भरून तयार ठेवला होता. धमकी पोकळ असली की ती पत्राच्या भाषेतच दिसते.

गॅरेजला पत्र

यावर आमच्यात मतभेद झाले. बाईंचं म्हणणं, लिंक रॉड खरंच बदललेत, तेवढे पैसे मला ठेवून घ्यायचे नाहीत. यजमान म्हणाले, एक रुपयाही देऊ केला की बँकेसमोर तो कबुलीजबाब ठरेल.

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. शेवटी गॅरेजला वेगळं पत्र गेलं: बाईंनी जादा कामाला संमती दिलेली नव्हती, आपले सर्व हक्क अबाधित ठेवून, केवळ वाद मिटावा म्हणून, प्रत्यक्ष बसवलेल्या भागांची खरेदी पावती आणि काढलेले जुने भाग दाखवल्यास त्या भागांची किंमत वेगळी देण्याची तयारी आहे, मात्र आधी कार्डावरची रक्कम परत व्हावी. प्रत बँकेलाही जोडली. माझ्या मते याने तक्रार दुबळी नव्हे, भक्कम झाली. देणं बुडवायला निघालेला माणूस असं पत्र लिहीत नाही, हे वाचणाऱ्याला कळतं. तरीही ‘हक्क अबाधित ठेवून’ हे शब्द नसते तर मी ते पाठवू दिलं नसतं.

मालकाने पत्राला उत्तर दिलं नाही. जुने भागही दाखवले नाहीत, ‘भंगारवाल्याला गेले’ एवढं फोनवर सांगितलं.

निकाल

ऑगस्टच्या शेवटी बँकेने पूर्ण १३,४५० रुपये कायमचे जमा केले. तक्रारीचा निकाल ९० दिवसांत लावायचा असतो. बँक त्या मुदतीत बसली, पण फार राखून नाही. व्याज आणि जीएसटी आपोआप परत आले नाहीत. त्यासाठी आणखी एक ईमेल लागला; फसवणूक म्हणून वादात असलेल्या व्यवहारावर निकाल लागेपर्यंत आकार लावता येत नाही, हा २०२२ च्या निर्देशांमधला नियम त्यात उद्धृत केला, आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये ते वजा झाले.

गॅरेजच्या खात्यातून रक्कम कापली गेल्यावर मालकाचा फोन आला. आवाज चढलेला. बाईंनी शांतपणे लोअर आर्मच्या बोल्टचे फोटो पाठवले. त्यानंतर बोलणं एकदम व्यवहारी झालं. लिंक रॉडचे २,२०० आणि बसवणावळीचे ६००, असे २,८०० रुपये बाईंनी यूपीआयने दिले आणि ‘या गाडीबाबत कोणतीही बाकी नाही’ असं गॅरेजच्या शिक्क्यानिशी लिहून घेतलं.

जॉब कार्डवर मागाहून वाढवलेल्या ओळींबद्दल पोलिसात जायचं का, यावर यजमान बराच काळ अडून होते. बाईंनी नको म्हटलं.

काय वेगळं करता आलं असतं

डिस्प्यूट फॉर्मवर त्या पहिल्याच रात्री सहा-सात ओळी लिहिल्या असत्या, ‘ओळखीच्या गॅरेजमध्ये ११,४०० चा व्यवहार मी पिन घालून केला, त्यानंतरचे तीन टॅप दुकानदाराने माझ्या परवानगीशिवाय केले’ असं, आणि पिवळी प्रत जोडली असती, तर पहिला नकार बहुधा आलाच नसता. चौकोन कोणताही असो, फॉर्मसोबत स्वतंत्र पत्र जोडता येतं. फोनवरचा मुलगा सांगतो तेवढंच करण्याचं बंधन नाही.

गाडी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवायला जुलै उजाडावा लागला. दुसऱ्याच दिवशी दाखवली असती तर मालकाला ‘नंतर कोणीतरी बदललं असेल’ म्हणायची जागा उरली नसती. त्याने तो बचाव केला नाही हे नशीब. जुने भाग तर गाडी ताब्यात घेतानाच मागायचे असतात. डिकीत टाकून घरी आणले तरी चालतात.

फोटोला उत्तर न देणं ही संमती नव्हती, पण ‘आत्ता नको, फक्त क्लच करा’ एवढे चार शब्द टाइप केले असते तर मालकाच्या हातात काहीच राहिलं नसतं. जॉब कार्डवर सही करताना ‘विचारल्याशिवाय जादा काम करू नये’ असं स्वतःच्या अक्षरात लिहिणं आणि शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारणं, याला काही खर्च नाही.

कार्डाबाबत, बँकांना टॅप, ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार वेगवेगळे चालू-बंद करण्याची आणि त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २०२० पासून आहे. बाईंनी नव्या कार्डावर टॅप बंदच ठेवला आहे. मेसेज आता त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर येतात, आणि ते व्हायला शाखेत फॉर्म भरून द्यावा लागला. विम्याचा हप्ता मात्र त्यांनी कार्डावरून काढून बचत खात्याला जोडला, कारण कार्ड पुन्हा कधी ब्लॉक होईल ते सांगता येत नाही.

राहिले लोअर आर्म. ते दुसऱ्या मेकॅनिकनेच बदलले. बुश खरंच फाटलेलं होतं.